कोरुंदावालीची साक्ष

"लग्न झालं की नवऱ्याचं आडनाव लावायचं, ही कसली रीत? अख्खं माणूस हरवतं अशानं," डॉन एव्हारिस्तो कागद परत सरकवत म्हणाला.

लिडिया नोवाक त्याच्या नोंदणी कचेरीत तिसऱ्यांदा आली होती. शिकागोतल्या मृत्यूच्या दाखल्यावर तिच्या आईचं नाव होतं हेर्मिनिया नोवाक. इथल्या, सान इसिद्रो गावच्या जन्मवहीत होतं हेर्मिनिया आर्रेओला तिनोको. दोन्ही बाया एकच, हे सिद्ध झाल्याशिवाय लिडियाला मेक्सिकोची नागरिक म्हणून नोंदवता येत नव्हतं.

"तिकडचं घर विकून आलेय मी," लिडिया म्हणाली. "तिकडे माझं कुणी उरलं नाही. हा कागद नाही झाला तर मी जाऊ कुठं?"

तिचे डोळे भरले. एव्हारिस्तो तसा नियमांचा खडूस माणूस, पण बाईमाणूस रडायला लागलं की त्याचे नियम जरा सैल व्हायचे.

"आईला लहानपणी पाहिलेला एक साक्षीदार आणा. तोंडी साक्षीवर घेतो मी. पण तुमच्या आईची ती वरची एल फ्रेस्नो वाडी ओस पडून जमाना झाला. तिथलं एकच माणूस उरलंय." त्यानं खिडकीतून हाक मारली, "ओ डोन्या! टोपली ठेवा नि जरा आत या!"

कचेरीच्या पायऱ्यांवर ती रोज कोरुंदा विकायची, मक्याच्या पिठाच्या, मक्याच्याच पानात वाफवलेल्या, तिकोनी, गरमागरम. तिला सगळे कोरुंदावालीच म्हणत, नाहीतर मानानं नुसतं डोन्या, म्हणजे बाई. सत्तरी कधीच उलटलेली. खरं नाव विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. एव्हारिस्तोनं मात्र एकदा म्हाताऱ्यांचं पेन्शन मिळवून देण्यासाठी तिचा जन्मदाखला मागितला होता. "माझा कागद फिरायला गेलाय. आला की देते," असं म्हणून तिनं हसण्यावारी नेलं होतं.

तिचं आणखी एक खूळ गावाला ठाऊक होतं. मेलेल्यांसाठी नोव्हेंबरात दोन दिवस घरोघर ताट-पाणी मांडतात, तेव्हा ती स्वतः पाण्याचा थेंब घ्यायची नाही. पोट भरलंय म्हणायची. यंदा मात्र दोन्ही दिवस तिनं दारोदार पाणी मागितलं, तांब्यावर तांब्या प्याली, तरी तहान भागेना. वय झालं, लोक म्हणाले.

म्हातारी आत आली. लिडियाकडे बराच वेळ बघत राहिली.

"आर्रेओलांची नात का ग तू? हनुवटीवरून कळतं."

"तुम्ही आईला ओळखत होतात?"

"तुझ्या आईला? एका गोधडीत झोपायचो आम्ही."

एव्हारिस्तोनं जन्मवही उघडली. "नीट सांगा, डोन्या. आर्रेओला मंडळी अमेरिकेला निघाली तेव्हाचं काय आठवतं?"

"तूच सांग, पोरी," म्हातारी म्हणाली. "आईनं काय सांगितलं तुला?"

"आई नऊ वर्षांची होती. आजोबांनी एकाच मुलीचे कागद करवले होते, आईचे. दुसरीला मागाहून नेणार होते. पण निघायच्या दिवशी ती दुसरी, धाकटी ओब्दुलिया मावशी, तापानं फणफणली होती. ट्रक थांबेना. मावशी त्याच संध्याकाळी वारली म्हणे." लिडिया कसंनुसं हसली. "आई नऊची, पण तिकडच्या शाळेत सात वर्षांच्या पोरींपेक्षाही ठेंगणी दिसायची. सगळे चिडवायचे."

"ताप होता खरा," म्हातारी म्हणाली. "छप्पर गरगर फिरायचं."

एव्हारिस्तोनं वहीतून मान वर केली.

"आई जन्मभर दर नोव्हेंबरात मावशीसाठी मांडायची. पाणी, मीठ, पाव नि एक लाल रिबीन."

"निळी होती."

"काय?"

"रिबीन. निळी होती. विसरली असेल ती. पाणी मात्र विसरली नाही." म्हातारीनं ओठांवरून जीभ फिरवली. "यंदा कुणी मांडलं?"

लिडियाची मान खाली गेली. "आई मार्चमध्ये गेली. यंदा... राहून गेलं माझ्याकडून. शेवटी एकच म्हणत होती, माझं नाव गावी पोचतं कर."

खोलीत गारठा आल्यासारखं वाटून एव्हारिस्तोनं खिडकी लावून घेतली. दुपारचं ऊन बाहेर जसंच्या तसं होतं.

"साक्षीदार म्हणते की दोन्ही नावांची बाई एकच. बरोबर, डोन्या?"

"लिही."

"आणि ती मेली."

"लिही, मेली म्हणून."

हेर्मिनिया आर्रेओला तिनोको या नावाच्या कडेला त्यानं मृत्यूची टीप लिहिली. मग लिडियाचा कागद पुरा केला. वहीतली साक्षीदाराच्या नावाची ओळ कोरी ठेवून त्यानं सवयीनं शाईचा पॅड पुढे केला. म्हातारी बाजारपट्टीच्या पावतीवरही अंगठाच उठवायची.

"आधी पोरीच्या कागदावर शिक्का मार," ती म्हणाली.

"आधी साक्ष, मग शिक्का, डोन्या."

"पळून जातेय का मी? मार."

त्यानं शिक्का मारला. लिडियानं कागद छातीशी धरला आणि हमसून रडू लागली. म्हातारीनं पॅड बाजूला सारला.

"पेन दे."

"तुम्हाला लिहिता येतं?"

"एवढंच येतं. नऊ वर्षांची होईतो शिकले तेवढं."

तिनं वाकून वहीत सावकाश सही केली. मग लिडियाचा हात धरून उठली. दारात थांबून तिनं विचारलं, "पाणी आहे का ग तुझ्याकडे?" लिडियानं बाटली दिली. दोघी पायऱ्या उतरून गेल्या.

साक्षीदाराचं नाव कोऱ्या ओळीत उतरवून घ्यावं म्हणून एव्हारिस्तोनं वही आपल्याकडे वळवली. वर कडेची टीप अजून ओली होती. खाली लहान पोरीच्या गोल, वेड्यावाकड्या अक्षरांत सही होती: हेर्मिनिया आर्रेओला तिनोको.