होना तो बोलो

"होना तो बोलो, अम्मा," विद्यापीठाच्या कचेरीच्या खिडकीतले कारकून जहूरसाब म्हणाले आणि पुन्हा चहाकडे वळले.

खिडकीबाहेर तन्वी उभी होती. आजही तेच! हैदराबादेत पोरीसोरींनाही अम्मा म्हणतात, याची तिला एव्हाना सवय झाली होती. पण हे 'होना तो बोलो' ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. म्हणे, होईल तेव्हा बोला. अहो, पण होणार कधी?

"ठीक है, मैं रुकती हूँ," ती रोजच्यासारखं म्हणाली. जहूरसाबांनी तिच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं आणि मान हलवली.

विद्यापीठ तेच, फक्त अर्थशास्त्र विभागातून बिझनेस स्कूलमध्ये बदली हवी होती. ओसरीवरून माजघरात जावं एवढंच अंतर, पण जागा अगदी मोजक्या, आणि मागणारे ढीगभर. बाबांच्या कंपनीने त्यांना पुण्याहून इथे पाठवलं, तेव्हा तन्वीला जिथे मिळाला तिथे प्रवेश घ्यावा लागला होता. अर्थशास्त्रात तिचं मन काही लागेना. बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, बिझनेस स्कूल मिळालं तर इथे राहा, नाहीतर पुण्याला काकांकडे जाऊन नव्याने सुरुवात कर. पुन्हा पहिलं वर्ष! नुसत्या विचारानेच तिला रडू फुटायचं. आणि बदल्यांचं सगळं काम आज संपणार होतं. आईचे सकाळपासून फोन चालले होते, आणि तन्वी ते उचलत नव्हती. उचलून सांगणार काय, कपाळ!

बाहेर पायरीवर तिची वर्गमैत्रीण शर्वरी समोसा खात बसली होती. शर्वरी बरकतपुऱ्याची. घरात मराठी, पण जन्म इथलाच, त्यामुळे बोलण्यात अर्धी दखनी. बदलीचा अर्ज तिनेही केला होता. विचारलं की, "बघू ना गं, काय होतंय ते," एवढंच म्हणायची. आज मात्र तिचंही लक्ष सारखं खिडकीकडेच जात होतं.

"काय बोलले साब?" तिने विचारलं.

तन्वीचा बांध फुटला. "काय बोलणार? होना तो बोलो! रोज तेच! मी जाते, ते म्हणतात होना तो बोलो, मी म्हणते रुकती हूँ, आणि परत येते. माणूस आहे की टेपरेकॉर्डर? नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हणा ना! इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि त्यांचा चहा चाललाय."

शर्वरीचा घास हातातच राहिला.

"परत बोल. तुला विचारलं, होना तो बोलो? आणि तू बोललीस, रुकती हूँ?"

"मग काय बोलणार होते?"

शर्वरीने खिडकीकडे पाहिलं. जहूरसाब कागद आवरत होते. ती उठली, परत बसली. उरलेला समोसा तिने कागदात गुंडाळला, उलगडला, पुन्हा गुंडाळला. तन्वीला रागच आला. आपण इथे रडकुंडीला आलोय आणि या बाईचं समोशाचं चाललंय!

"शर्वरी, ऐकतेयस का?"

"ऐकतेय." शर्वरीने डोळे घट्ट मिटले आणि उघडले. मग एकदम तिच्या दंडाला धरून तिला उभंच केलं. "हौली आहेस काय गं तू! वेडी, ठार वेडी! होना म्हणजे 'होणार' नव्हे, होना म्हणजे 'हवं'! आम्ही पानी होना बोलतो, म्हणजे पाणी हवं. ते तुला विचारतायत, सीट हवी तर सांग. तुला सीट मिळालीय, बाई! इथे आधी खिडकीवर हो म्हणायचं, मग कागद निघतो. आणि तू आपली रुकती हूँ, रुकती हूँ! आता खिडकी बंद झाली की गेली सीट. पळ!"

शर्वरीने तिला अक्षरशः ओढत नेलं. जहूरसाबांनी खिडकीची झडप अर्धी खाली घेतली होती. तन्वीने झडपेखालून तोंड घातलं आणि सगळा व्हरांडा दणाणेल अशी ओरडली, "होना! साब, सीट होना! मेरेकू होना!"

"अरे अम्मा!" जहूरसाबांनी कपाळाला हात लावला. "इत्ते दिनां से येइच तो पूछ रऊं! मैं समझा तुम सोच में पड गए."

त्यांनी झडप वर केली, तन्वीची सही घेतली, शिक्का मारला. तन्वी हसत होती, रडत होती, आईला फोन लावायचं बटणसुद्धा तिला सापडत नव्हतं. जहूरसाबांचं लक्ष मात्र आता तिच्या मागे गेलं होतं.

"तुम तो वेटिंगवाले ना?" त्यांनी शर्वरीला विचारलं. "लिस्ट में ऊपरवाली लडकी कुछ बोली क्या बोलके सुबू से दो बार पूछके गए. येइच वो लडकी. खिडकी बंद होती तो सीट तुमकूच मिलती थी. और तुमच इनकू पकड के लाए?"

एव्हाना फोन लागला होता, पण तो तन्वीच्या कानाशी तसाच राहिला. पलीकडून आई "हॅलो, हॅलो" करत होती. तन्वीने वळून पाहिलं. शर्वरीचे डोळे भरले होते आणि ती ते लपवतही नव्हती.

"होना तो मेरेकू बी था, साब," ती म्हणाली. "लेकिन ऐसा नक्को."