वेणूबाईंच्या पायांची गणना

देशाच्या पायगणनेत ज्याचे पाय बेचैन ठरतील, त्याला ते शांत करणारा पट्टा फुकट मिळणार होता, आणि वेणूबाईंना तो हवाच होता. सात रात्री त्या घोट्याला मोजणीयंत्र बांधून झोपल्या. आठव्या सकाळी गणनासेविका ललिता म्हणाली, "आजी, तुमचे पाय अगदी गप्प. गावात एकालाही हा रोग नाही."

"अगं भवाने, पाठ टेकली की पोटऱ्यांत मुंग्या धावतात! सुनेनं चेपले नाहीत, तर घरभर येरझाऱ्या घालते मी."

ललितानं ओट्यापाशी उभ्याउभ्या पेंगणाऱ्या सुनेकडे पाहिलं. "वहिनी, सातही रात्री चेपलेत?"

"सात कसल्या? अकरा वर्षं झाली."

"मग यंत्राला काय डोंबल कळणार!"

ललितानं गावाच्या ग्रुपवर हुकूम सोडला: आज रात्री यंत्रं पुन्हा बांधा, पण कुणी कुणाचे पाय चेपायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाचशेच्या वस्तीत चौतीस सासवांचे पाय बेचैन निघाले. वेणूबाईंचा पट्टा पक्का झाला. रोगाचा आकडा इतकी वर्षं ज्यांनी आपली झोप मोडून शून्यावर ठेवला होता, त्या चौतीस सुना मात्र आठ वाजून गेले तरी उठल्या नव्हत्या.