आरशातलं जंगल

अर्धांगवायूच्या झटक्यानं न्हाव्याचा उजवा हात लुळा पडला आणि सलून बंद झालं. बोटं जरा हलू लागल्यावर बायकोनं त्याला तिथल्याच खुर्चीत बसवलं, रुंद, कातरल्यासारख्या पानांच्या मॉन्स्टेराची कुंडी पुढ्यात ठेवली आणि त्याच हातात ओला कापूस दिला. "पानं पुसा. धूळ बसली की झाडाचाही जीव गुदमरतो." सुरुवातीला पानं फाटायची, तो चिडायचा, ती कापूस पुन्हा भिजवून द्यायची. समोरासमोरच्या आरशांत एका झाडाचं जंगल व्हायचं. त्या हिरव्या उजेडात त्याची दुपार स्वप्नासारखी सरायची. आज नवं पान उलगडत होतं, तान्ह्या बाळाच्या टाळूसारखं मऊ. कापूस त्यावरून अलगद फिरला. साधा ओरखडाही उठला नाही. स्टूल ओढून, पाठमोरी बसून बायकोनं केस सोडले. "अहो, टोकं कापा." "कान कापला तर?" "दुसरा आहे की!" तो खुदकन हसला. कात्री चालू लागली. तिनं डोळे मिटले.