उंच खाट

सकाळी कारखान्यात भुसा झाडताना उत्तराला चार लांब बोल्ट सापडले. मिरजेतल्या एका मुलीसाठी घडवलेली, शिडीने चढायची उंच खाट तिने काल मुलीच्या घरी घाईत जोडली होती. भार पेलणारे हे बोल्ट बसवायचेच राहिले होते. खाट नुसत्या लाकडी खुंट्यांवर उभी होती.

फोन कुणी उचलेना. तिने थेट स्कूटर काढली.

"मुलगी कुठंय?" दार उघडताच तिने विचारलं.

"खोलीत झोपलीय अजून," मुलीची आई म्हणाली.

उत्तरा आत धावली. वरची गादी रिकामी होती. मुलगी खिडकीपाशी चटईवर जागी पडली होती.

"आईला सांगू नका," ती कुजबुजली. "मला वर चढायची भीती वाटते."

उत्तराने तिला घट्ट जवळ घेतलं.

"तुझं नाही सांगणार. माझं मात्र सांगावं लागेल."