‘पुलगाव आउटर’चं परीक्षण

मेघानं पेपरातलं परीक्षण दुसऱ्यांदा वाचलं आणि चहा तसाच सोडून ते लिहिणाऱ्या सदाशिवरावांना फोन लावला.

पुस्तक तिच्या बाबांचं होतं. ‘पुलगाव आउटर’, पॅसेंजर गाडीतल्या खुनाची रहस्यकथा. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर प्रेमदासांनी तीन वर्षं खपून ती लिहिली. आणि या माणसानं छपाई सुबक, कागद चांगला म्हणत शेवटी निकालच लावला होता: ‘खुनी गार्ड आहे हे सुरुवातीलाच कळते. रहस्य उरतच नाही.’

“रहस्यकथेतला खुनी कोणी पेपरात छापतं का?” तिनं विचारलं.

“मी बारकाईनं वाचूनच लिहितो, ताई,” सदाशिवराव म्हणाले आणि फोन ठेवला.

मेघाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांनी दिलेली प्रत समोर शोकेसमध्ये होती. धूळ बसू नये म्हणून तिनं वरचं प्लास्टिकही काढलं नव्हतं. आल्यागेल्याला ती अभिमानानं दाखवायची. आता हे पुस्तक कोण वाचणार?

तिनं सिंदी मेघेच्या घरून स्कूटी काढली, ती थेट नाचणगावच्या वाचनालयात; सदाशिवराव पुस्तकं तिथूनच नेत. ग्रंथपाल शकुंतलाबाईंनी पुस्तक काढून दिलं. आतल्या चिठ्ठीवर नेणाऱ्याचं एकच नाव, सदाशिवरावांचं. आणि मुखपृष्ठाआडच्या कोऱ्या पानावर लाल पेन्सिलीनं ठळक लिहिलेलं: ‘खुनी गार्ड.’

“हे कोणी लिहिलं?”

“मले का माहीत? तुमच्या बाबानं भेट देल्लं, त्या सरांनी नेलं. तिसऱ्या कोणी हात नाई लावला.”

म्हणजे फुकट न्यायचं आणि वर त्यावर खरडायचं. असल्या माणसाला चारचौघांत उभं करून जाब विचारायला हवा होता. शकुंतलाबाई नको नको म्हणत असताना तिनं पुस्तक पिशवीत कोंबलं आणि बाबांचं घर गाठलं.

प्रेमदास ओसरीवर शब्दकोडं सोडवत बसले होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

“तीन वर्षांची मेहनत मातीत घातली त्यानं. तुम्हाले राग कसा नाई येत, बाबा?”

“येऊन राह्यला ना.” त्यांनी हातातली लाल पेन्सिल खाली ठेवली. “थे मीच लिवलं. पुस्तक कोण वाचते, थे पाहाचं होतं.”

“पण खुन्याचं नाव काऊन फोडलं?”

प्रेमदासांनी तिच्या पिशवीतलं पुस्तक काढून तिच्या हातात दिलं.

“गार्डाचाच तं खून होते, बेटा. पहिल्याच पानावर.”