उलटा ढाळ

मागच्या अंगणाची फरशी उखडण्याआधी गवंड्याने तिला आठ दिवसांची कल्पना देऊन ठेवली: धूळ, ठोकाठोक, मागचा नळ बंद. "आणि ताई, ढाळ उलटा आहे. पाणी मोरीकडे जायचं सोडून त्या कोपऱ्यात जातं. कुणी केलं हे?"

"बाबांनी. स्वतःच्या हाताने." बाबांना जाऊन तीन महिने झाले होते.

दारात बसलेली आई हसली. "जन्मभर ऐकवलं मी त्यांना. एवढे शिकलेले, पण साधा ढाळ कळेना! नुसते मान खाली घालून हसायचे."

गवंड्याने लेव्हल लावली, मग पुन्हा लावली. "ही चूक नाही हो. नळापासून थेट त्या कोपऱ्यातल्या गुलाबाच्या बुंध्यापर्यंत दोरी धरून काढलाय."

तिला आठवलं. ज्या वर्षी आईची कंबर गेली आणि तिच्या गुलाबाला पाणी घालायला बादली उचलणं बंद झालं, त्याच वर्षी बाबांनी ही फरशी घातली होती. गुलाब मात्र कधी सुकला नव्हता.

"मग आता ढाळ मोरीकडे काढू ना?" गवंड्याने विचारलं.

आईने गुलाबाकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "ह्यांनी चुकवलाय ना, अगदी तसाच चुकवा."