जावईबापूंचं वय

“बाप कोण?” अनुपमा मॅडमनी विचारलं.

आरे कॉलनीतल्या त्या वराह केंद्रात सगळे एकमेकांकडे बघू लागले. मॅडम वरच्या ऑफिसातून केंद्र बंद करायला आल्या होत्या. कातळी जातीची शुद्ध डुकरं आता इथेच काय ती उरली होती. पाच माद्या, आणि वयात आलेला नर एकही नाही. नर नाही तर पिल्लं नाहीत, पिल्लं नाहीत तर केंद्र हवंय कशाला? मामला सरळ होता. पण त्याच सकाळी सोनोग्राफी झाली आणि पाचही माद्या गाभण निघाल्या.

नर म्हणावा असा एकच जीव तिथे होता. साडेतीन महिन्यांपूर्वी देवगडहून टोपलीतून आणलेलं, तेव्हा महिन्याभराचं, तिकडचं शेवटचं पिल्लू. आल्या दिवसापासून त्याचा थाटच असा, की केंद्रातला जुना कामगार बाळा त्याला जावईबापू म्हणू लागला. एकटं ठेवलं की जावईबापू किंचाळून आरे डोक्यावर घ्यायचे. शेवटी केंद्रप्रमुख विद्याधर सहस्रबुद्धे म्हणाले, “लहान आहे रे. राहू दे मावश्यांजवळ.”

गंधाली तेव्हाच म्हणाली होती, “सर, नका.” ती त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होती. तीन वर्षं कोकणात गावोगाव हिंडून तिने कातळीच्या उरल्यासुरल्या पिल्लांचे वृषण टेपने मोजले होते. लोक हसले, ती मोजत राहिली. या जातीचा नर अडीच महिन्यांत वयात येतो, असं तिचं म्हणणं. सरांच्या पुस्तकात सात महिने होते, आणि ते पुस्तक कॉलेजाकॉलेजात लावलेलं. “तुझी टेप चुकतेय,” म्हणून सरांनी तिचा प्रबंध दोनदा परत केला होता.

आता सरांनी घसा खाकरला. “रानडुक्कर शिरलं असेल. पलीकडे जंगलच आहे.”

“मग पिल्लं संकरित. शुद्ध जात संपली,” मॅडम म्हणाल्या. “मला आजच अहवाल द्यायचाय. केंद्र बंद असं लिहिते.”

गंधालीला रडू फुटलं. “सर, बाप जावईबापूच आहे. तुम्हाला माहितीये ना!”

सगळे वळून बघायला लागले. जावईबापू बाळाच्या मांडीला टेकून, डोळे मिटून, बाटलीने दूध पीत होते. लाडाने ती सवय काही सुटली नव्हती. मॅडमना हसू आवरेना. “हा? अहो, याचा हात तरी पोचेल का तिथवर?”

बाळा उठला आणि कोपऱ्यातून शेणामातीने माखलेला एक लाकडी पाट घेऊन आला. सर बुटके, माइकमागे उभं राहायला त्यांनी तो खास करून घेतला होता. दोन महिने सगळं केंद्र तो शोधत होतं.

“उंचीची कायच अडचण नाय, मॅडम,” बाळा म्हणाला. “मी त्याका ह्यो पायाखाली घातलंय.”

मॅडमचं हसू थांबलं. त्यांनी पेन काढलं. “सहस्रबुद्धे, तुमचंच पुस्तक पाठ करून मी पास झाले. सात महिने, दोन मार्कांचा प्रश्न होता. आता तुम्हीच सांगा. रानडुक्कर लिहू, की हा?”

सरांनी गंधालीकडे पाहिलं. मग पाच माद्यांकडे. अकरा आवृत्त्या निघाल्या होत्या त्या पुस्तकाच्या. 

“जावईबापू लिहा,” ते म्हणाले.

“आणि पुस्तकातलं?”

“ते मी एका इंग्रजी पुस्तकावरून उतरवलं होतं, मॅडम. तोवर मी डुक्कर पाहिलंही नव्हतं.”